औषधाचे दान आणि घेणाऱ्याचा धर्म

दानाविषयीच्या भारतीय धर्मविचारातील जो भाग कीर्तन, प्रवचन आणि घरातील संस्कार यांच्या वाटेने लोकांपर्यंत पोचला, तो बहुतांशी दात्याच्या मनाविषयीचा आहे. दाता फळाची अपेक्षा ठेवतो की नाही, गाजावाजा करतो की गुप्तपणे देतो, कष्टाने मिळवलेले देतो की नकोसे झालेले, याची मोजमापे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु दान स्वीकारल्यामुळे स्वीकारणाऱ्याचे काय होते, त्याची वाणी कोठे अडखळते आणि त्याच्या निर्णयावर कोणाची छाया पडते, हा तितकाच जुना प्रश्न ग्रंथांत राहिला आणि व्यवहारात मागे पडला. औषध कंपन्या धर्मादाय रुग्णालयांना, रुग्णांच्या संघटनांना, डॉक्टरांच्या संस्थांना आणि सार्वजनिक आरोग्याच्या मोहिमांना जी मदत करतात, तिचा नैतिक विचार करताना हा मागे पडलेला प्रश्नच अधिक उपयोगी ठरतो. अशा मदतीचा प्रभाव लाचेप्रमाणे लोभातून चालतोच असे नाही; तो बहुधा कृतज्ञतेतून, म्हणजे सर्व धर्मांनी सद्गुण मानलेल्या वृत्तीतून चालतो, आणि सद्गुणाच्या आश्रयाने येणारा दोष दात्याचा हेतू कितीही तपासला तरी दूर होत नाही.

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत या प्रश्नाला एक ठोस रूप आहे. हत्तीरोग, म्हणजे डासांच्या चाव्यातून शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे होणारा, पाय सुजवणारा आणि पुरुषांमध्ये अंडवृद्धी घडवणारा रोग, महाराष्ट्राच्या ज्या जिल्ह्यांत दीर्घकाळ ठाण मांडून राहिला, त्यांच्या यादीत ही दोन्ही नावे आहेत. त्याच्या निर्मूलनासाठी सामूहिक औषधोपचाराची पद्धत वापरली जाते. म्हणजे गरोदर स्त्रिया, अगदी लहान मुले आणि गंभीर आजारी माणसे वगळता, रोग असो वा नसो, वस्तीतील सर्वांना वर्षातून एकदा डीईसी आणि अल्बेंडाझोल या गोळ्या, व काही जिल्ह्यांत त्यांच्या जोडीला आयव्हरमेक्टिन, आरोग्य कर्मचाऱ्यांसमक्ष घ्यायला लावतात. प्रौढ कृमी शरीरात काही वर्षे जगत असल्यामुळे हा उपचार सलग अनेक वर्षे करावा लागतो. यांपैकी अल्बेंडाझोल ग्लॅक्सोस्मिथक्लाइन ही कंपनी जागतिक आरोग्य संघटनेमार्फत अशा मोहिमांना विनामूल्य देते. हे दान १९९८ साली जाहीर झाले आणि त्याच्या गोळ्या नाशिक येथील कारखान्यातही तयार होतात. आयव्हरमेक्टिन मर्क या अमेरिकी कंपनीकडून येते. आफ्रिकेत नदीकाठच्या वस्त्यांना आंधळे करणाऱ्या एका कृमिरोगासाठी तिने १९८७ साली सुरू केलेले दान पुढे हत्तीरोगापर्यंत वाढवण्यात आले.

औषध कंपन्यांच्या दानांमध्ये हे दान उजव्या प्रतीचे मानावे लागेल. ज्या रोग्यांकडे विकत घेण्याची ऐपत नाही आणि ज्या रोगाला बाजारात किंमत नाही, त्यांच्यासाठी ते आहे. ते उघडपणे, एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या हातून आणि दीर्घ मुदतीसाठी दिलेले आहे, आणि त्यामुळे अनेक देशांतून हा रोग हटला आहे. कंपनीला त्यातून नाव आणि सद्भावना मिळते, परंतु तेवढ्यावरून गोळीचा गुण कमी होत नाही. म्हणूनच हे उदाहरण विचारासाठी योग्य आहे, कारण वाईट दानाची परीक्षा सोपी असते. घेण्याची नीती म्हणून काही असेल तर ती चांगल्या दानालाही लागू पडली पाहिजे.

हत्तीरोगाचा प्रसार करणारा क्युलेक्स डास तुंबलेल्या घाण पाण्यात वाढतो. त्यामुळे रोगाच्या निर्मूलनाची दुसरी वाट गटारातून जाते, आणि ही वाट नांदेड जिल्ह्याने स्वतःच दाखवून दिली आहे. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरचे सांडपाणी शोषखड्ड्यांत, म्हणजे दगडगोटे भरून पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यांत, सोडून उघडी गटारे संपवली. त्यामुळे डासांची पैदास घटली, आणि पुढे हा प्रयोग रोजगार हमी योजनेच्या निधीतून जिल्ह्यातील अनेक गावांत नेण्यात आला व ‘नांदेड पॅटर्न’ या नावाने ओळखला जाऊ लागला. गोळी आणि शोषखड्डा यांत विरोध नाही, दोन्ही हवेतच. पण गोळीला जागतिक दाता आहे, तिचे वेळापत्रक आहे, तिच्या नावाने दरवर्षी मोहीम निघते आणि किती टक्के लोकांनी ती गिळली याचा अहवाल जिल्ह्यापासून जिनिव्हापर्यंत जातो, तर शोषखड्ड्याला असा दाता मिळत नाही, कारण खड्डा खणल्याने कोणाचेही उत्पादन लोकांच्या ओळखीचे होत नाही. ज्याचा पाय आधीच सुजला आहे त्याला तो पाय रोज धुऊन कोरडा कसा ठेवावा, जखम कशी जपावी, हे शिकवण्याचे कामही असेच दात्याविना राहते. येथे कोणी खोटे बोललेले नाही आणि कोणी लाच घेतलेली नाही; तरीही दानामुळे मोहिमेचे माप ठरले आहे, आणि जे मोजले जाते तेच काम मानले जाते. प्रभावाचे हे सर्वांत सौम्य, आणि म्हणून सर्वांत दुर्लक्षित, रूप आहे: दान उत्तर बदलत नाही, ते प्रश्नांचा क्रम बदलते.

याहून उघड रूपे सर्वत्र आढळतात. मधुमेह, हाडांची ठिसूळता किंवा दमा यांच्या मोफत तपासणी शिबिरांत यंत्र, तंत्रज्ञ आणि पट्ट्या पुष्कळदा औषध कंपनीच्या असतात, आणि शिबिरात सापडलेला नवा रुग्ण त्याच कंपनीच्या औषधाचा नवा ग्राहक होण्याची शक्यता असते. २०१५ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने भारतातील अशा शिबिरांवर सविस्तर शोधवृत्त प्रसिद्ध केले होते. अमेरिकेत वेदनाग्रस्त रुग्णांची बाजू मांडणाऱ्या ‘अमेरिकन पेन फाउंडेशन’ या संस्थेचे २०१० सालचे सुमारे ९० टक्के उत्पन्न औषधे आणि उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांकडून आल्याचे पुढे उघड झाले. अफूजन्य वेदनाशामकांचा धोका वाढवून सांगितला जातो अशी भूमिका घेणारी ही संस्था तेथील सिनेटच्या समितीची चौकशी सुरू होताच २०१२ साली बंद झाली. जागतिक आरोग्य संघटनेलाही अशाच औषधांविषयीची आपली दोन मार्गदर्शक पुस्तके, त्यांवर उद्योगाचा प्रभाव पडल्याचा आरोप झाल्यानंतर, २०१९ साली मागे घ्यावी लागली.

भारतातील नियमांनी या व्यवहाराचा विचार प्रामुख्याने व्यक्तीच्या पातळीवर केला आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये डॉक्टरांनी आणि त्यांच्या संघटनांनी औषध कंपन्यांकडून भेटी, प्रवास व आतिथ्य घेण्यास मनाई केली. परंतु फेब्रुवारी २०१६ मध्ये त्या नियमातून संघटनांचा उल्लेख काढून टाकण्यात आला, म्हणजे जे एका डॉक्टरला घेणे निषिद्ध ते डॉक्टरांच्या संस्थेला घेणे मोकळे झाले. कंपन्यांनी प्रायोजित केलेल्या परिषदांना जाण्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये घातलेली बंदी त्याच महिन्यात स्थगित झाली. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारने औषधविक्रीच्या पद्धतींविषयी नवी आचारसंहिता काढली, तिचाही रोख डॉक्टरांना मिळणाऱ्या भेटींवरच आहे. दुसरीकडे, कंपनी कायदा २०१३ च्या १३५ व्या कलमाने ठरावीक आकाराहून मोठ्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वाच्या कामावर खर्च करणे बंधनकारक केले, आणि त्या कामांच्या यादीत आरोग्याला मानाचे स्थान आहे. कंपनीचा नेहमीचा व्यवसाय या खर्चात धरू नये असे नियम सांगतात. पण एखाद्या रोगाविषयीची जागृती आणि त्या रोगावरील औषधाचा व्यवसाय यांच्यातील सीमारेषा कागदावर आखता आली तरी गावातल्या शिबिराच्या मांडवात ती दिसत नाही. कायद्याने देणे सक्तीचे केले. घेण्याविषयी तो जवळजवळ मूक राहिला.

धर्मविचारातील परिचित साधने येथे लावून पाहिली तर त्यांची मर्यादाही दिसते. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत: योग्य देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता, देणे हे कर्तव्य म्हणून दिलेले दान सात्त्विक, उलट उपकाराच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले राजस, आणि अवेळी, अपात्री, अवहेलनेने दिलेले तामस. ज्ञानेश्वरांनी राजस दानाचे वर्णन करताना दुभत्यावर नजर ठेवून गाईला चारा घालण्याचा दृष्टान्त दिला आहे, आणि औषध कंपनीने प्रायोजित केलेल्या बहुतेक शिबिरांना तो जसाच्या तसा लागू पडतो. मात्र हे वर्गीकरण एवढेच सांगते की अशा दानाने दात्याला श्रेष्ठ पुण्य लाभणार नाही. कंपनीचे संचालक मंडळ भागधारकांना बांधलेले असते, त्याने निष्काम दान करावे ही अपेक्षा त्याच्या स्वरूपाशीच विसंगत आहे; त्यामुळे ते दान राजस आहे असे ठरवून प्रश्न संपत नाही. राजस दान घ्यावे की नाही, आणि घेतले तर कोणत्या मर्यादेत, हा प्रश्न शिल्लकच राहतो, आणि त्याचे उत्तर देणाऱ्याच्या मनात सापडत नाही.

या ठिकाणी एक प्रबळ आक्षेप उभा राहतो. ज्याला औषध हवे आहे त्याला दात्याचा हेतू कशाला विचारायचा, आणि घेणाऱ्या संस्थेने नैतिक सोवळेपणा दाखवून नकार दिला तर त्याची किंमत कोण मोजणार, असे विचारले जाईल. नांदेडला हा आक्षेप पुस्तकी राहत नाही. विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर २०२३ या दिवसांत, चोवीस तासांच्या अवधीत, २४ रुग्ण दगावले आणि त्यांत १२ नवजात बालके होती. औषधटंचाईचा आरोप झाला, रुग्णालय प्रशासनाने तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने या मृत्यूंची स्वतःहून दखल घेतली. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून, तसेच तेलंगणाच्या सीमेपलीकडून, जिथे अखेरच्या आशेने रुग्ण येतात, तेथे औषध कोठून आले हे विचारणे ही चैन वाटू शकते. हा आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. रिकाम्या कपाटापुढे उभी असलेली संस्था सर्वांत कमी प्रश्न विचारू शकते, म्हणून दानाचा प्रभाव तेथेच सर्वांत खोल जातो. गरज जितकी तीव्र, तितकी घेणाऱ्याला संरक्षणाची आवश्यकता अधिक.

या संरक्षणाची गरज का पडते, हे महाभारतातील एका प्रसंगावरून स्पष्ट होते. भीष्मपर्वात युद्ध सुरू होण्यापूर्वी युधिष्ठिर शस्त्रे खाली ठेवून कौरवांच्या सेनेत जातो आणि भीष्म, द्रोण, कृप व शल्य यांची अनुज्ञा मागतो. धर्म कोणत्या बाजूला आहे याविषयी त्यांच्यापैकी कोणालाही शंका नसते, ते त्याला विजयाचा आशीर्वादही देतात. पण कौरवांच्या अर्थाने, म्हणजे धनाने, आपण बांधले गेलो आहोत, तेव्हा युद्ध सोडून दुसरे काहीही माग, असे प्रत्येक जण सांगतो. भीष्मांना कोणी लाच दिली नव्हती आणि ते लोभीही नव्हते. खाल्ल्या मिठाला जागणे हा त्यांचा गुण होता, आणि त्याच गुणाने त्यांना माहीत असलेल्या सत्याच्या विरुद्ध उभे केले. महाभारतकारांनी हे बंधन लोभी माणसाच्या तोंडून न सांगता सर्वांत ज्ञानी आणि सर्वांत वृद्ध अशा पुरुषांच्या तोंडून वदवले, यात त्यांची नैतिक दृष्टी दिसते: प्रामाणिकपणा हा अशा बंधनावरचा उपाय नाही, कारण प्रामाणिक माणूसच त्याला अधिक बांधला जातो. औषध कंपनीच्या निधीवर चालणाऱ्या एखाद्या संस्थेतील विश्वस्त, डॉक्टर आणि परिचारिका सचोटीच्या असणे सर्वस्वी शक्य आहे. तरीही दहा वर्षे ज्याने यंत्रे दिली, त्याच्या नव्या औषधाच्या किमतीविषयी प्रसिद्धिपत्रक काढताना त्यांचा हात थबकतो, आणि हा थबकलेला हात त्यांना स्वतःला सभ्यता वाटतो.

हे थबकणे किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरील लशीच्या दोन मात्रा तीन मात्रांइतक्याच परिणामकारक ठरतात का, हे तपासण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली भारतात नऊ ठिकाणी एक अभ्यास सुरू केला, आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय हे त्यांपैकी एक केंद्र होते. लस मर्क कंपनीने पुरवली होती आणि निधी गेट्स फाउंडेशनचा होता. त्याच सुमारास तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे ‘पाथ’ ही आंतरराष्ट्रीय संस्था दोन कंपन्यांनी विनामूल्य दिलेल्या एचपीव्ही लशींचा एक वेगळा प्रकल्प राबवत होती. तेथे सात मुलींचे मृत्यू झाले. चौकशीत ते लशीमुळे झाल्याचे दिसले नाही, पण अनेक मुलींसाठीची संमती आईवडिलांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी दिल्याचे उघड झाले, आणि संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. एप्रिल २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले, तेव्हा बार्शीसह सर्व केंद्रांतील अभ्यासही मध्येच तुटला आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळालेली राहिली.

पुढे जे घडले ते कोणाच्याही योजनेत नव्हते. संशोधकांनी त्या मुलींचा पाठपुरावा सोडला नाही, आणि दहा वर्षांनंतर, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, एका मात्रेने मिळणारे संरक्षण दोन किंवा तीन मात्रांच्या जवळपास असल्याचे दिसून आले. अशा पुराव्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेचा पर्याय मान्य केला. गरीब देशांतील लसीकरणाचा खर्च ज्यामुळे बराच कमी होऊ शकतो असा हा प्रश्न, एक मात्रा पुरेल का, मूळ अभ्यासात विचारलेलाच नव्हता. लस विकणाऱ्याला तो विचारण्याचे कारण नसते हे उघड आहे. पण घेणाऱ्या देशांनी आणि धर्मादाय संस्थांनीही तो आधी विचारला नाही. येथे न्यायाने हेही सांगितले पाहिजे की कंपनीच्या लशीवर आणि दात्याच्या पैशावर चाललेल्या अभ्यासातूनच हे उत्तर आले. म्हणजे दान घेऊनही स्वतंत्र राहता येते, मात्र निष्कर्षाची मालकी ज्ञानाशी इमान राखणाऱ्या संस्थेकडे असली पाहिजे. आणि खम्ममचा धडा असा की विनामूल्य म्हटल्याबरोबर घेणारी यंत्रणा इतकी ओशाळी झाली की ज्या मुलींच्या दंडात सुई जायची होती त्यांच्या घरी विचारणेही तिला अनावश्यक वाटले.

क्षयरोगावरील बेडाक्विलिन या औषधाचा इतिहास याच विचाराची दुसरी बाजू दाखवतो. प्रचलित औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर गुणकारी असलेले हे औषध जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेबरोबर २०१५ ते २०१९ या काळात दान म्हणून दिले आणि भारतालाही त्याचा लाभ झाला. मात्र त्याच औषधाच्या एका क्षाररूपावर वेगळे पेटंट मिळवून मक्तेदारी २०२३ च्या पुढे नेण्यासाठी कंपनीने अर्जही केला होता. त्या अर्जाला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले या क्षयातून बऱ्या झालेल्या, पण उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या दोन स्त्रियांनी आव्हान दिले, आणि २३ मार्च २०२३ रोजी भारतीय पेटंट कार्यालयाने तो फेटाळला. दान आणि मक्तेदारीचा अर्ज एकाच हातातून यावेत यात कंपनीच्या दृष्टीने विसंगती नव्हती. लक्षात घेण्याजोगे हे की आव्हान देणाऱ्या या दोघी रुग्ण होत्या, आणि आपण दात्याचे देणे लागतो असे त्यांना मानावे लागत नव्हते.

घेणाऱ्याच्या या बंधनाची जाण परंपरांना नव्हती असे नाही. धर्मशास्त्राने प्रतिग्रह, म्हणजे दान स्वीकारण्याची क्रिया, हा स्वतंत्र विषय मानला, आणि ज्याला दान घेण्याचा अधिकार आहे त्यानेही ते वारंवार घेऊ नये, कारण त्याने त्याचे तेज विझते, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. मात्र हा विचार वापरताना दुहेरी सावधगिरी हवी. ज्या ग्रंथाचे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाड येथे दहन झाले, त्यात हा अधिकार आणि हे तेज एका वर्णापुरते राखलेले आहे. आणि कलंकित धन ही कल्पना विटाळाच्या कल्पनेच्या इतकी शेजारी राहते की कंपनीच्या पैशाला स्पर्शही नको असे म्हणणारा माणूस नकळत शिवाशिवीच्या तर्कशास्त्रात शिरतो. पैशाला विटाळ नसतो. अल्बेंडाझोलची गोळी कोणाच्याही नफ्यातून आलेली असो, ती कृमी मारतेच. म्हणून घेण्याच्या नीतीचा निकष शुद्धता हा न ठेवता स्वातंत्र्य हा ठेवावा लागतो: हे घेतल्यानंतर घेणारा कोणता प्रश्न विचारू शकणार नाही, एवढेच पाहायचे.

या निकषाला सर्वांत नेमके रूप इस्लामी परंपरेतील एका कथेत मिळते. पैगंबरांनी जकात, म्हणजे धर्माने ठरवून दिलेला दानाचा वाटा, गोळा करण्यासाठी पाठवलेल्या एका माणसाने परत येऊन काही माल पुढे ठेवला आणि बाकीचा आपल्याला भेट मिळाल्याचे सांगितले. तेव्हा पैगंबरांनी सर्वांसमोर विचारले की हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी त्याच्याकडे आल्या असत्या का. या कसोटीत दात्याच्या मनात शिरावे लागत नाही आणि घेणाऱ्याच्या चारित्र्यावर शंका घ्यावी लागत नाही; केवळ पद बाजूला काढून भेट उरते का, हे पाहिले की पुरते. डॉक्टरांच्या संघटनेच्या सदस्यांकडे औषधे लिहून देण्याचा अधिकार नसता तर तिच्या परिषदेला प्रायोजक मिळाला असता का, रुग्णसंघटनेच्या सभासदांचा आजार महाग औषधाचा नसता तर तिला देणगी आली असती का, हे प्रश्न लातूरच्या किंवा नांदेडच्या कोणत्याही कार्यक्रमपत्रिकेवर लावून पाहता येतात. हत्तीरोगाच्या गोळ्या या कसोटीला बऱ्याच अंशी उतरतात, कारण त्या रोग्यांकडून कंपनीला उद्याही काही विकत घेतले जाण्याची आशा नसते; शिबिरातील मोफत साखर तपासणी मात्र उतरत नाही.

कसोटीने निवड होते, पण कृतज्ञतेचे बंधन सोडवायला रचना लागते, आणि ती बौद्ध व शीख परंपरांनी दिली आहे. महाप्रजापती गौतमीने स्वतः विणलेले वस्त्र बुद्धांना देऊ केले, तेव्हा त्यांनी ते संघाला देण्यास सांगितले अशी कथा पाली साहित्यात आहे, आणि व्यक्तीला दिलेल्या दानापेक्षा संघाला दिलेले दान श्रेष्ठ मानण्याचा विचार तिच्यातून पुढे येतो. संघाला दिलेल्या वस्तूवर दात्याच्या आवडत्या माणसाचे नाव कोरता येत नाही. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे, ज्या गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६ च्या स्वतंत्र कायद्याने चालतो, हेच तत्त्व रोजच्या व्यवहारात आहे. शिखांनी उत्पन्नाचा दहावा हिस्सा, ज्याला दसवंद म्हणतात, धर्मकार्याला द्यावा अशी रीत आहे. दर्शनाला आलेल्यांची नाणी आणि नोटा गोलक, म्हणजे दानपेटी, हिच्यात एकत्र पडतात, आणि त्यातून शिजलेल्या लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला आपल्या ताटातील डाळ कोणाच्या पैशाची हे ठाऊक नसते व ठाऊक असण्याची गरजही नसते. तो कृतज्ञ असतो, पण कोणा एका दात्याशी नव्हे, साऱ्या संगतीशी. म्हणून त्याची कृतज्ञता त्याला वाकवत नाही.

आरोग्याच्या क्षेत्रात ही रचना आणणे अशक्य नाही. इटलीने २००३ च्या कायद्याने औषध कंपन्यांच्या जाहिरात व प्रसाराच्या खर्चावर पाच टक्के आकारणी बसवली आणि तिच्यातून सरकारी औषध संस्थेमार्फत स्वतंत्र संशोधनासाठी निधी उभा केला. कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावे हे निधी देणारी कंपनी ठरवत नाही. महाराष्ट्रातही कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाचा आरोग्यावरील वाटा, किमान औषध कंपन्यांच्या बाबतीत, जिल्हा पातळीवरील एका सामायिक निधीत पडू शकतो, आणि त्यातून गोळ्या किती, शोषखड्डे किती आणि सुजलेल्या पायांची शुश्रूषा किती, हे जिल्ह्याच्या गरजेवरून ठरू शकते. धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करणाऱ्या प्रत्येक आरोग्यविषयक विश्वस्त संस्थेला औषध आणि उपकरण कंपन्यांकडून आलेली रक्कम व वस्तू वेगळ्या दाखवायला लावणे, डॉक्टरांच्या संघटनांना २०१६ पूर्वीच्या नियमाखाली परत आणणे, आणि आपल्या देणगीदाराच्या उत्पादनाविषयी संस्थेने बोलण्याची वेळ आली तर देणगीचा उल्लेख त्याच श्वासात करणे, हे त्याहून लहान पण तत्काळ शक्य असलेले उपाय आहेत.

तरीही या साऱ्या नीतीला एक पूर्वअट आहे, आणि तिच्याशिवाय ती श्रीमंत संस्थांचा अलंकार होऊन बसेल. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला नैतिक अर्थ नसतो. भीष्मांनी अर्थाचे बंधन कबूल केले, कारण त्यांचे सारे आयुष्य एकाच घराण्याच्या कोठारावर चालले होते. ज्या शासकीय रुग्णालयाची औषधखरेदी रखडते आणि ज्या विश्वस्त रुग्णालयाला गरिबांच्या खाटांचा खर्च पुरत नाही, त्यांचीही हीच अवस्था होते, मग त्यांनी कितीही उत्तम आचारसंहिता स्वीकारलेली असो. त्यामुळे घेणाऱ्याचा धर्म हा अखेरीस घेणाऱ्या संस्थेपुरता राहत नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी पुरेसे धन करातून उभे करणे, म्हणजे सर्वांचे सर्वांसाठीचे एकत्र दान सक्तीने गोळा करणे, हा त्याचाच पहिला भाग ठरतो. दात्याने कोणत्या हेतूने दिले याचा निवाडा दात्याच्या विवेकावर सोडता येतो, पण रुग्णाच्या वतीने विचारायचे प्रश्न, औषध लागते का, किती लागते, कितीला मिळावे आणि त्याऐवजी आधी गटार बुजवावे का, हे दात्यावर सोडता येत नाहीत. आणि जी संस्था ते विचारण्याचे सामर्थ्य राखून आहे, तिने कंपनीचे दान घेतले तरी ती घेणारीच राहते, बांधील होत नाही.